जुन्या खुराड्यात नव्या तलंगा : किरकटवाडीतलं एक प्रकरण

पहिल्याच सकाळी दहातली एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) गेली. उरलेल्या नऊ खुराड्याच्या मागच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसल्या होत्या आणि गेलेली त्या ढिगाच्या तळाशी होती. दोघींच्या डोक्यामागची कातडी सोलून निघाली होती. आमच्या घरी कोंबड्या आहेत त्याला पाच वर्षं झाली, सासूबाईंचा तर जन्म कोंबड्यांत गेला, तरीही हे झालं. पुढे तीन-साडेतीन महिने आम्ही जे जे केलं, त्यातलं काय लागू पडलं आणि काय नाही, हे मी एका वहीत रोजच्या रोज टिपत गेले. त्या वहीवरूनच हे लिहिते आहे. परसात पाच-दहा कोंबड्या पाळणारी माझ्या ओळखीची बरीच मंडळी हीच चूक करतात, दोन-चार पक्षी गमावतात आणि मग सगळा दोष जुन्या कोंबड्यांवर टाकून मोकळी होतात.

जागा आणि पक्षी

आमचं घर किरकटवाडीत, सिंहगड रस्त्यापासून आत. २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात आमचं गावही आलं. आता चहूबाजूंनी इमारती उठल्या आहेत, पण घरामागे अजून थोडी जमीन आहे. तिथे चार बाय तीन फुटांचं लाकडी खुराडं आणि त्याच्यापुढे बारा बाय दहा फुटांचं जाळीचं अंगण. गेल्या जूनअखेरीला त्यात सहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा होता. कोंबड्यांची वयं दीड ते तीन वर्षं. त्यांना नावं अशी कुणी ठेवली नाहीत, रंगरूपावरूनच ती पडली: काळी, तांबडी, कवडी, बोडकी (तिच्या मानेवर पिसं नाहीत) आणि दोघी राखाडी बहिणी. तांबडी सगळ्यांत मानाची. ती पाण्याशी आली की बाकीच्या आपोआप बाजूला होत.

दोन कोंबड्या तीन वर्षांच्या झाल्यामुळे अंडी कमी होत चालली होती, म्हणून नव्या आणायचं ठरलं. एका विक्रेत्याकडून सात आठवड्यांच्या दहा तलंगा घेतल्या, ऱ्होड आयलंड रेड या परदेशी लाल जातीच्या संकराच्या. एकेकीचं वजन अर्धा-पाऊण किलो असेल. आमच्या गावरान कोंबड्या सव्वा ते दीड किलोच्या. म्हणजे दुप्पट वजनाच्या आणि जागेच्या मालकिणी.

सासूबाई त्या आठवड्यात वेल्ह्याला गेल्या होत्या, भातलावणीसाठी. त्या असत्या तर पुढचं झालं नसतं. मी आणि माझे यजमान, आम्ही दोघांनी सर्वांच्या तोंडी असलेला सल्ला ऐकला: नव्या कोंबड्या रात्री अंधारात गुपचूप दांडीवर बसवा, सकाळी जुन्यांना वाटतं की या कायमच इथे होत्या. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, ती बसल्या जागची हलत नाही, इथपर्यंत ते खरं आहे. रात्री नऊला आम्ही दहाही तलंगा आत ठेवल्या. एक आवाज नाही. आम्ही खूश होऊन झोपलो.

जूनअखेरीला पुण्यात सूर्य सहाच्या आसपास उगवतो, पण साडेपाचलाच दिसू लागतं. आम्ही दार उघडलं साडेसातला. म्हणजे बारा चौरस फुटांच्या बंद पेटीत सतरा पक्षी, त्यातले दहा अनोळखी आणि लहान, असे दोन तास कोंडलेले होते. हे गणित आदल्या रात्री कुणी केलं नाही. एका मोठ्या कोंबडीला आत निदान दोन चौरस फूट हवेत. आमच्या सातांनाही ती जागा कमीच पडत होती.

तिसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. कोपऱ्यातल्या पाटीखाली ठेवलेल्या जखमी तलंगा त्यांनी उचलून पाहिल्या, खुराड्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "आगं, परकी बाई घरात शिरली आन् तिला पळायला दार बी न्हाई ठेवलंस. मंग दुसरं काय व्हायचं?"

मी म्हटलं, "आई, रात्री तर सगळ्या शांत होत्या हो."

"रातच्याला समद्याच गप असत्यात. सकाळचं काय?"

पुढे जे काही केलं ते सगळं या एका वाक्याभोवती आहे. पळायला दार.

कोंबड्या टोचतात ते कशासाठी

लहानपणापासून कोंबड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या नॉर्वेच्या थोरलेइफ श्येल्डरुप-एबे यांनी १९२२ मध्ये पहिल्यांदा हे नीट मांडलं की कळपातल्या प्रत्येक कोंबडीची एक पायरी असते. वरची खालचीला टोचते, खालची सहन करते किंवा सरकते, आणि कोण कुठल्या पायरीवर हे प्रत्येकीला पाठ असतं. हे ऐकायला क्रूर वाटतं. मला मात्र यात पुण्याची विसर्जन मिरवणूक दिसते. कसबा पहिला, तांबडी जोगेश्वरी दुसरा, गुरुजी तालीम तिसरा, तुळशीबाग चौथा, केसरीवाडा पाचवा. क्रम ठरलेला आहे म्हणून पुढे कुणी जायचं यावरून दर वर्षी वाद होत नाही. कोंबड्यांचंही तसंच. क्रम लागलेला कळप शांत असतो, एक नजर टाकली तरी खालची बाजूला होते. दहा अनोळखी पक्षी मध्येच घुसले की तो क्रम नव्याने लावावा लागतो, आणि तो लागतो चोचीने.

यातली महत्त्वाची गोष्ट ही की हरलेली पळून गेली की भांडण तिथेच संपतं. मोठी चार पावलं मागे धावते आणि थांबते. पळायला जागाच नसली तर हरलेली समोरच राहते, आणि समोर राहणं म्हणजे मोठीच्या लेखी अजून माघार घेतलेली नाही. त्यात रक्त दिसलं की सगळ्याच तिथे टोचू लागतात. आमच्या खुराड्यात त्या दोन तासांत हेच झालं. सगळ्या मागे वळून पळत होत्या आणि प्रत्येक वेळी त्याच फळीवर आपटत होत्या. फळीवर पिसांचे ठसे होते, अजून डोळ्यांसमोर आहेत.

जाळीचे दिवस

चौथ्या दिवशी अंगणाचे दोन भाग केले. बारा फुटांतले चार फूट तलंगांना, आठ जुन्यांना, मध्ये जमिनीपासून छतापर्यंत वेल्डमेश जाळी. तलंगांच्या भागात पत्र्याखाली फळ्यांची तात्पुरती पेटी. एकमेकींना पाहायचं, ऐकायचं, पण चोच पोचायची नाही. दाण्याची भांडी दोन्ही बाजूंनी जाळीला लागूनच ठेवली, म्हणजे खाताना तोंडं समोरासमोर येतील. ही युक्ती साधी आहे पण फार कामाची. खाताना कोंबडीचं अर्धं लक्ष दाण्यात असतं, आणि शेजारची रोज दिसली की ती हळूहळू अनोळखी राहत नाही.

जखमी दोघींचं काय करायचं हा वेगळा प्रश्न होता. एकेकीला घरात वेगळं ठेवायचा माझा विचार होता. सासूबाईंनी नको म्हटलं: "येकटी पडली का तिच्या तिच्याच मैत्रिणी तिला वळखायच्या न्हाईत." बरोबर होतं ते. दोन-तीन आठवडे नजरेआड राहिलेली कोंबडी आपल्याच कळपाला परकी होऊ शकते. म्हणून दोघींना आणखी एका धडधाकट तलंगेबरोबर मोठ्या डालग्याखाली, बाकीच्यांच्या शेजारीच ठेवलं. जखमा पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने धुतल्या, वर खोबरेल तेलात कालवलेली हळद. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की दीड-दोन दिवसांत किडे पडतात, तेव्हा सकाळ-संध्याकाळ पिसं बाजूला करून पाहायचं. हळदीचा दुसरा फायदा असा की लाल रंग झाकला जातो. दहा दिवसांत खपली धरली.

जाळीपलीकडे काळी मात्र तासन् तास उभी असायची. तांबडी, जी सगळ्यांत वरची, तिने पहिल्या दोन दिवसांनंतर तलंगांकडे पाहिलंही नाही. कोंबड्याचाही काही त्रास नव्हता, उलट दाणा टाकला की तो जाळीशी येऊन टुक-टुक करत त्यांनाही बोलवायचा. त्रास काळीचा. ती क्रमात शेवटून दुसरी. खाली फक्त बोडकी. मला वाटतं वरचीला सिद्ध करायचं काही नसतं. जिच्याखाली एकच जण आहे तिला नवीन आलेल्यांची घाई होते. कोण सर्वांत जास्त टोचतं हे पाहताना लोक नेहमी सगळ्यांत मोठ्या कोंबडीकडे बोट दाखवतात. दोन दिवस नुसतं बसून पाहिलं तर बहुतेक वेळा दुसरीच निघेल.

चोचीपेक्षा मोठं संकट

मी वहीत अकराव्या दिवशी लिहिलं आहे: "सगळं छान." बाराव्या दिवशी सकाळी एक तलंग पिसं फुलवून, पंख लोंबवून, डोळे मिटून उभी. खाली विष्ठेत ताजं रक्त. आषाढातला पाऊस, सलग पाच दिवस ऊन नाही. दुपारपर्यंत तशा तिघी झाल्या.

रक्ती हगवण. कॉक्सिडिओसिस. आतड्यात वाढणाऱ्या एका अतिसूक्ष्म परजीवीचा रोग, तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना सर्वांत जास्त होणारा. मोठ्या कोंबड्यांच्या अंगात लहानपणीच थोडा थोडा संसर्ग होऊन प्रतिकारशक्ती आलेली असते, त्या धडधाकट दिसतात, पण त्यांच्या विष्ठेतून त्या परजीवीची बीजं पडत राहतात. बीज जमिनीवर पडल्यावर लगेच रोग देत नाही. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ते तयार होतं, आणि मग ते पोटात गेलेल्या पिल्लात चार ते सात दिवसांत रोग दिसतो. पुण्याचा जुलै म्हणजे त्याला हवी तशी ओल आणि हवी तशी ऊब.

जाळीने चोच अडवली होती. पाणी अडवलं नव्हतं. आमच्या अंगणाला उतार आहे आणि मी तलंगांना दिलेला भाग नेमका खालच्या अंगाला होता. जुन्या कोंबड्यांच्या अंगणातलं सगळं पाणी, विष्ठेसकट, त्यांच्या पायाखालून वाहत होतं. हे मला पाचव्या दिवशीच दिसायला हवं होतं, रोज त्याच चिखलातून चपला घालून जात होते मी.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी लक्षणं ऐकूनच पाण्यातून द्यायचं अँप्रोलियम लिहून दिलं आणि एक ताकीद दिली जी मला अजिबात माहीत नव्हती: हे औषध चालू असताना आपल्या मनाने बी-कॉम्प्लेक्स पाजायचं नाही. ते औषध परजीवीला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, मिळू देत नाही आणि त्यावरच त्याचा मारा असतो. वरून तेच जीवनसत्त्व पाजलं तर औषधाचा जोर कमी होतो. अशक्त कोंबडीला टॉनिक पाजायची आपली सगळ्यांची सवय असते, म्हणून हे मुद्दाम सांगते. मात्रा मात्र डॉक्टरांनाच विचारावी, वजन आणि पाणी पाहून ती ठरते.

दोघी गेल्या. दुसरी गेली तेव्हा यजमान तिला औंधला रोग अन्वेषण विभागात घेऊन गेले. तिथे मेलेला पक्षी उघडून कारण सांगतात, ही सोय पुण्यात असून कितीतरी जणांना माहीत नसते. आतड्याच्या शेवटाला ज्या दोन लांबट पिशव्या असतात त्या रक्ताने गच्च भरलेल्या निघाल्या. म्हणजे निदान पक्कं झालं. बाकी सात तलंगा वाचल्या.

औषधाइतकंच काम कोरडेपणाने केलं. ही बीजं साध्या जंतुनाशकाला दाद देत नाहीत, ओल काढली की मात्र त्यांचं चालत नाही. तलंगांना वरच्या अंगाला हलवलं. खाली अंथरलेली सगळी भिजलेली गादी काढून पोत्यांत भरली, भाताचं कोरडं तूस चार इंच घातलं, रोज पंज्याने वरखाली केलं. पाण्याचं भांडं विटेवर चढवलं, म्हणजे सांडलेलं तुसात जाणार नाही. अंगणाच्या वरच्या कडेला एक चर खणली. हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम होतं.

खरं तर नव्या कोंबड्या आणल्या की तीन-चार आठवडे वेगळ्याच जागी, वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या चपलांनी सांभाळायच्या असतात. तसं केलं असतं तर त्यांना इथल्या बीजांची सवयही कमी कमी प्रमाणात लावता आली असती, आणि त्यांच्याकडून मानमोडी (राणीखेत रोग) किंवा सर्दीसारखं काही आमच्या जुन्यांना येण्याची भीतीही टळली असती. लसींची चौकशी मी विकत घेताना केली होती, विक्रेता "सगळ्या दिल्यात" म्हणाला आणि मी मान हलवली. कुठली, कोणत्या दिवशी, हे विचारलं नाही. वयाच्या आठव्या आठवड्यातली मानमोडीची लस हगवणीमुळे लांबली. आजारी पक्ष्याला लस टोचायची नाही असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, म्हणून ती पुढे अकराव्या आठवड्यात दिली.

चार इंचांचं दार

हगवण थांबल्यावर, म्हणजे तलंगा आल्यापासूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीला, सासूबाईंच्या वाक्याकडे आम्ही पुन्हा आलो. यजमानांनी मधल्या जाळीत तळाशी तीन भोकं कापली. रुंदी चार इंच, उंची सहा. कडा पाइपच्या तुकड्यांनी झाकल्या. तलंगा यातून सहज ये-जा करतात, मोठी कोंबडी नाही. भोकं तीन, कारण एकच ठेवलं तर काळी त्याच्या तोंडाशी ठाण मांडून बसेल. दोन टोकांना दोन आणि एक मध्ये.

पहिले दोन दिवस कुणी बाहेर आलंच नाही. तिसऱ्या दिवशी मी जुन्यांच्या बाजूला मूठभर बाजरी फेकली. एक तलंग, सगळ्यांत धीट, भोकातून डोकं काढून पाहत राहिली. मग एक पाय. मग आत. पुन्हा डोकं. असं पाच-सहा वेळा झाल्यावर ती बाहेर आली, तीन दाणे टिपले, आणि काळी धावून आली. तलंग वळली आणि भोकात शिरली, शेपटाची दोन पिसं काळीच्या चोचीत राहिली. काळीने मागोमाग डोकं घातलं, मान घातली, आणि खांदे अडकले. ती तशीच क्षणभर अडकून राहिली, मग मागे सरकली, अंग झाडलं आणि निघून गेली. आतल्या तलंगा दोन फुटांवर उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या. कुणीही कोपऱ्यात पळालं नाही.

तिथून पुढे रोज बदल दिसत गेला. आठवड्याभरात त्या दुपारी जुन्यांच्या अंगणात फिरू लागल्या, टोचली की आपल्या भागात येत, पाच मिनिटांनी पुन्हा बाहेर. माघार घेणं त्यांना जमू लागलं आणि मोठ्यांनाही ती माघार दिसू लागली. टोचणं कमी झालं ते असं. मी एकदाही मध्ये पडले नाही. पडायचा मोह फार होतो. पण प्रत्येक वेळी आपण काठी घेऊन धावलो तर क्रम लागतच नाही, तो आपल्या पाठीमागे नव्याने सुरू होतो. मी एकच नियम पाळला: रक्त आलं, किंवा एखादी खाली दाबली जाऊन उठू शकत नसली, तर उचलायचं. एरवी नाही.

अंगणातही थोडं काम केलं. मोकळ्या चौकोनात पळणारीला सगळीकडून पाहता येतं, म्हणून मध्ये दोन फुटी फळी आडवी उभी केली, एका कोपऱ्यात जुनी शिडी आडवी, एक तिरकी टेकवलेली फरशी. नजर तुटली की पाठलागही तुटतो. भांडी दोनाची चार केली आणि एका भांड्यावरून दुसरं दिसणार नाही अशी ठेवली.

काळी तरी सुधारली नाही. चौथ्या आठवड्यात तिने मधल्या भोकाशी दबा धरायला सुरुवात केली. तेव्हा तिला उचलून चार दिवस पुढच्या व्हरांड्यात पिंजऱ्यात ठेवलं, बाकीच्यांच्या नजरेआड. परत सोडली तेव्हा ती स्वतःच थोडी परकी झाली होती. तांबडीने आणि एका राखाडीने तिला चांगलंच झोडपलं आणि तलंगांकडे बघायला तिला दोन दिवस फुरसतच मिळाली नाही. हा उपाय शेवटचा म्हणून करावा, पण करावा.

एका खुराड्यात

तोवर आम्ही खुराड्याला चार बाय चारचा भाग जोडून घेतला होता. आता आत अठ्ठावीस चौरस फूट झाले. दांड्या दोन, पण एकाच उंचीवर. वर-खाली लावल्या की वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी भांडण. दर पक्ष्याला आठ इंच धरून लांबी ठरवली.

तेराव्या आठवड्याच्या वयाला सगळ्यांत मोठी तलंग भोकात अडकू लागली. ही वेळ झाल्याची खूण होती. वजनं सव्वा किलोच्या आसपास, जुन्यांच्या जवळपास आली होती. मधली जाळी दिवसा पूर्ण उघडली, रात्री तलंगा आपल्या पेटीत. त्यानंतर दोन आठवड्यांनी एका रात्री त्यांना मोठ्या खुराड्यात दुसऱ्या दांडीवर बसवलं. हो, तीच रात्रीची युक्ती. आता मात्र जुन्या-नव्या सहा-सात आठवडे एकमेकींना ओळखत होत्या, जागा पुरेशी होती, आणि मी पहाटे सव्वापाचचा गजर लावून उजाडायच्या आधी दार उघडलं. आठ दिवस उठले अशी. कुणालाही ओरखडा नाही. गणपती बसायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते.

एक तलंग या काळात तुरा वाढवून आरवू लागली, म्हणजे ती कोंबडा निघाली. सात आठवड्यांना लाल जातीत नर-मादी ओळखताना चूक होते. दोन कोंबडे एका अंगणात नकोत म्हणून ती वेल्ह्याला धाकट्या दिरांकडे गेली. राहिल्या सहा.

खाण्याचं थोडक्यात सांगते, कारण यात चूक झाली तर ती दिसायला महिने लागतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. वाढत्या तलंगेला साधारण एक टक्का पुरे. अंड्यांचं खाद्य तिने महिनोन्महिने खाल्लं तर मूत्रपिंडं खराब होतात. एकत्र ठेवल्यावर कोण कुठल्या भांड्यातून खातं ते आवरता येत नाही. म्हणून अंड्यांचं खाद्य बंद केलं, सगळ्यांना वाढीचं खाद्य म्हणजे ग्रोअर, आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. जिला कवच बनवायचं आहे ती बरोबर तो खाते, तलंगा दोन दाणे चाखून सोडून देतात. घरातलं शिळं, कणी, बाजरी हे संध्याकाळी थोडंसं.

जुन्यांची अंडी मात्र पार खाली गेली. रोजची तीन-चार होती, जुलैच्या दोन आठवड्यांत दिवसाला एक, कधी तेही नाही. श्रावण संपता संपता पुन्हा तीन झाली. हा खर्च धरूनच नव्या कोंबड्या आणाव्यात.

दिवाळीच्या आधी, वयाच्या तेविसाव्या आठवड्यात पहिलं तलंगेचं अंडं मिळालं, सुपारीपेक्षा थोडं मोठं, टोकाला रक्ताची एक रेघ. सासूबाईंनी ते देवापुढे ठेवलं.

मार्गशीर्षात कवडी खुडूक बसली. या वेळी सासूबाईंनी वेगळा रस्ता धरला. तिला खुराड्यातच एका कोपऱ्यात पाटीत बसू दिलं, खाली तीन नापीक अंडी. जवळजवळ तीन आठवडे झाल्यावर खडकीच्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून एक दिवसाची आठ पिल्लं आणली आणि रात्री एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवली, अंडी काढून घेतली. सकाळी तिने चोचीने एकेकाला आत ओढलं. पाचव्या दिवशी ती पिल्लं घेऊन अंगणात आली तेव्हा काळी पुढे आली. कवडी पंख फुगवून दुप्पट झाली आणि काळी मागे फिरली. ही पिल्लं कळपाला कधी परकी वाटलीच नाहीत, जन्मापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाढली. त्यांचं पळायचं दार म्हणजे कवडीचा पंख. आठांतली सात आहेत. एक मुंगसाने नेलं.

सहा तलंगा आता अंडी देतात, दोघी तर काळीपेक्षाही वर गेल्या आहेत. पण रात्री त्या अजून आपल्याच दांडीवर बसतात, डाव्या टोकाला, सहाच्या सहा चिकटून. मधली जाळी काढली तरी तीन भोकांचा तो खालचा तुकडा आम्ही तसाच ठेवला आहे. त्यांना आता त्यातून जाता येत नाही. कवडीची पिल्लं जातात.